उजवीकडची टोपली

तिला सगळे घाईबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडत असे. तिची आई सांगायची, ही जन्मली तीसुद्धा सुईण उंबऱ्यात पोचायच्या आत. सासरी आल्यावरही तेच. चुलीवरचं उतरेपर्यंत अंगण झाडून व्हायचं, धुणं दोरीवर पडायचं, आणि नवरा तोंड धुऊन येतो तो ताट वाढलेलं असायचं. पलीकडची काकू आपल्या सुनेला उठता बसता तिचा दाखला द्यायची. अशा बाईला आपल्यात काही उणं आहे असं सहसा वाटत नाही. हिलाही वाटत नव्हतं.

त्या घरात तिच्या अगदी उलट असं एकच माणूस होतं, ते म्हणजे नवऱ्याची आत्या. नवरा अंगावर पिणारा असतानाच त्याची आई गेली, आणि ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतलेल्या या आत्यानं त्याला लहानाचा मोठा केला. त्यामुळे घाईबाईला सासू अशी नव्हती, आत्याबाई होत्या. आता त्या कमरेत वाकल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि समोरचं माणूस त्या आवाजावरून ओळखत. हात मात्र शाबूत होते. कुणाच्या सुताचा गुंता झाला, कुणाच्या पायात काटा मोडला, की माणसं त्यांच्याकडे यायची. वेळ लागायचा, ते वेगळं. ठकीची, म्हणजे घाईबाईच्या लेकीची, वेणी घालायला त्या बसल्या की बरोबर राजाच्या सात राण्यांची गोष्टही चालायची, आणि एक वेणी होईपर्यंत एकेका राणीचं लग्न लागून पोरंबाळं झालेली असायची.

घाईबाईचा जीव त्या संथपणानं मेटाकुटीला यायचा. तोंडानं ती सहसा काही बोलत नसे. भांडी तेवढी जरा जोरात ठेवली जायची.

घरात रेशमाच्या अळ्या पाळत. मळ्यात तुतीची झाडं होती आणि घरामागे एक लांबट खोली. त्या खोलीत बांबूच्या मांडण्या होत्या आणि मांडणीच्या खणाखणांत कागदावर पसरलेल्या अळ्या. अळीवाला मोहरीपेक्षा जरा मोठी अशी पिल्लं आणून द्यायचा. त्यांना पाला घालायचा, कात टाकताना हात लावायचा नाही, आणि बोटाएवढ्या झाल्या की त्या आपल्या आपण कोष विणायला बसायच्या. ऐकायला सोपं, पण ही जात मोठी नाजूक. दाराशी ठेवलेल्या चुन्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही. हाताला तेलाचा वास नको, तंबाखूचा नको. आणि सगळ्यांत मोठं पथ्य ओल्या पाल्याचं. पानावरचं पाणी पोटात गेलं की अळी लुळी पडलीच म्हणून समजा.

एरवी त्याचं काही वाटत नसे. दव उडून गेल्यावर पाला तोडला की झालं. पण त्या साली ऐन काढणीच्या दिवसांत पावसानं मुक्काम ठोकला. जोर नव्हता, पण थांबायचं नावही नव्हतं. भिंतींना घाम फुटला. काड्यापेटी पेटेना. दोरीवरचं धुणं वाळायच्या आधीच कुबट होऊ लागलं. पाला तोडून ओसरीवर पसरला, पंख्याखाली घातला, तरी देठाच्या बेचक्यात पाणी बसलेलं असायचंच.

मग आत्याबाई पाला पुसायला बसल्या.

त्यांची एक रीत होती. ओसरीच्या खांबाला पाठ लावून बसायचं. उजवीकडे ओल्या पाल्याच्या टोपल्या, डावीकडे पुसलेल्या, मांडीवर जुन्या सुती कापडाचं मऊ फडकं. उजवीकडून पान घ्यायचं. आधी त्याची पाठ पुसायची, मग पोट, मग देठाजवळची खाच अंगठ्यानं टिपायची, आणि शेवटी पान गालाला लावून बघायचं. डोळ्यांना ओल दिसत नव्हती, पण गालाला कळायची. मगच ते पान डावीकडे जायचं.

घाईबाई एकदा न राहवून म्हणाली होती, "आत्याबाई, किडे आहेत ते. व्याह्यांना वाढल्यासारखं काय करायचं त्यांना?"

आत्याबाई हसल्या होत्या. "अगं, मुके जीव ते. जेवण ओलं आहे म्हणून कुणाला सांगणार? आपण घालू ते निमूट खातात. एवढा भरवसा माझ्यावर माणसांनीसुद्धा कधी टाकला नाही."

त्या दिवशी सकाळी सगळंच एकदम अंगावर आलं. अळ्या तिसरी कात टाकून उठल्या होत्या. उठलेली अळी भुकेनं डोकं वर करून हलवत राहते. खणच्या खण असे माना हलवताना दिसले की घाईबाईला धीर धरवत नसे. नवरा पहाटेच मळ्यात पाट फोडायला गेला होता. ठकीची शाळेची वेळ झाली होती. स्वयंपाकघराचा पत्रा गळत होता आणि त्याखाली ठेवलेलं घमेलं काठोकाठ आलं होतं. आत्याबाईंनी दोन टोपल्या पुसून डावीकडे काढल्या होत्या आणि घाईबाईनं त्या वरच्या खणांत घालूनही टाकल्या होत्या. उजवीकडे एक राहिली होती. तेवढ्यात आत्याबाई काठी टेकत परसात निघाल्या. जाताना म्हणाल्या, "एवढी राहिली आहे गं. मी आलेच."

त्यांचं 'आलेच' म्हणजे काय ते घाईबाईला ठाऊक होतं. आता त्या परसातून येणार, हात धुणार, धुतलेले हात बोटाबोटांनी कोरडे करणार, मग खांब चाचपून बसणार, मग पहिलं पान. तिकडे खालच्या खणांत माना हलत होत्या. तिनं टोपलीत हात घातला. वरची पानं कोरडी लागली. पंख्याखाली तर होती, ती मनाशी म्हणाली, एवढ्यानं काय होतंय. तिनं टोपली उचलली, चुन्यात पाय बुडवले न बुडवले, आणि खालच्या खणांत पाला पसरून मोकळी झाली. रिकामी टोपली तिनं डावीकडच्या टोपल्यांशेजारी नेऊन ठेवली. ती तिथं का ठेवली हे तिला त्या वेळीही सांगता आलं नसतं. हात आपले चालले.

आत्याबाई आल्या. खांबाला टेकून बसल्या आणि उजवीकडे चाचपलं. काही नव्हतं. डावीकडे चाचपलं, तर सगळ्या टोपल्या रिकाम्या. त्यांचा हात तसाच टोपलीच्या काठावर जरा वेळ राहिला.

"झाली होती वाटतं सगळी," त्या स्वतःशी म्हणाल्या. "मला वाटलं एक राहिली."

घाईबाई दारातच उभी होती. तिनं ते नीट ऐकलं. मग ठकीच्या डब्याचं झाकण दाबत ती आत निघून गेली.

अळ्या पाला खातात तेव्हा खोलीत एक आवाज भरून असतो, वाळक्या पानांवरून कुणी सावकाश चालत असावं तसा. दुसऱ्या दिवशी तो मंदावलेला आधी आत्याबाईंनाच कळला. खालची पावलं थांबलीत रे, असं त्या घाईबाईच्या नवऱ्याला म्हणाल्या. तो बॅटरी घेऊन वाकला. पाला तसाच पडलेला होता आणि अळ्या पानांच्या कडेला लुळ्या होऊन लोंबत होत्या. एक उचलायला गेला तर ती बोटांतच फुटली आणि काळं पाणी मनगटापर्यंत ओघळलं. वास असा सुटला की त्याला बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं.

अळीवाल्याला बोलावणं गेलं. तो आला, छत्री झटकली, नाकाला रुमाल लावून सगळे खण पाहून आला आणि अंगणात पचकन थुंकला. बडबड्या माणूस, एरवी वाईट नव्हता. पाला ओला गेलाय, यात वाद नाही, तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, पाला पुसतं कोण?

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं ओसरीकडे पाहिलं. खरं तर तेवढ्यानंही भागलं असतं, पण तिच्या जिभेलाही हातांचीच सवय होती.

"आत्याबाई पुसतात," ती म्हणाली. "त्यांच्या डावीकडचाच पाला मी घातला."

खोटं बोलायला वेळ लागत नाही. तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत चटकन झालेलं काम तेच असेल.

अळीवाल्यानं कपाळावर हात मारला. म्हाताऱ्या माणसाला कशाला जुंपता हो, तो म्हणाला, तिच्यापुढे हत्ती उभा केला तर विचारेल ही भिंत कधी बांधली म्हणून. आपल्याच विनोदाला तो हसला. बाकी कुणी हसलं नाही. ओसरीवर आत्याबाईंच्या हातातलं पान तसंच राहिलं होतं.

"माझ्याच हातून राहिलं असेल रे," त्या म्हणाल्या. "दिसत नाही हल्ली. माझ्या मनात आलंही होतं, एक टोपली राहिली म्हणून."

नवरा त्यांच्यापाशी जाऊन उकिडवा बसला. त्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू दे आत्या. तू आता बस. पुष्कळ केलंस आमच्यासाठी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. 'बस' म्हणणाऱ्याशी काय करायचं? आत्याबाईंनी मांडीवरच्या फडक्याची घडी घातली, कडेला कड जुळवली, आणि आवाजाच्या अंदाजानं घाईबाईपुढे धरली.

"घे बाई. तुझे डोळे चांगले आहेत."

मेलेल्या अळ्या घमेल्यात भरून खड्ड्यात टाकल्या आणि वर चुना पसरला. घमेलं घाईबाईनंच वाहिलं. वरच्या खणांतल्या अळ्या तेवढ्या धडधाकट होत्या, कारण त्यांच्या पोटात आत्याबाईंनी पुसलेला पाला होता. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खालचे खण रिकामे पाहून झाले की तिची नजर वर जायची आणि खाली यायची.

आता खांबाला पाठ लावून तीच बसू लागली. काम वाटलं तसं निघालं नाही. भरभर पुसलं की पान फाटायचं. हळू पुसलं की कमरेत चमक भरायची. पाठ पुसली, पोट पुसलं, आता काय राहिलं म्हणून डावीकडे टाकावं, तर खाचेतून टपकन थेंब मांडीवर पडायचा. प्रत्येक पानात थेंब. टोपलीभर पानांत किती झाले असतील, असं मनात आलं की ती हात चालवायची थांबायची. एकदा तिनं आजूबाजूला पाहिलं, कुणी नाही ना ते बघितलं, आणि पान गालाला लावलं. गार लागलं. पुसूनही गारच. चोरी करताना सापडल्यासारखी ती दचकली आणि ते पान पुन्हा पुसायला घेतलं.

आत्याबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. रुसवा नाही की फुगवा नाही. त्या फक्त एकेक काम खाली ठेवत गेल्या. पहिल्यांदा सूप. निवडायला धान्य पुढ्यात घेतलं, बोटं त्यात फिरवली, आणि सूप तसंच पुढे सरकवून दिलं. एखादा खडा राहायचा माझ्याकडून, म्हणाल्या. मग सुई दोरा. मग ठकी फणी घेऊन आली तर तिला आईकडे पाठवलं. "माझ्या हाताचा आता भरवसा नाही बाळ." गोष्ट चौथ्या राणीपाशी अडकून राहिली. घाईबाईनं वेणी घातली ती दोरखंड वळल्यासारखी, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. ठकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तू ओढतेस, ती म्हणाली.

जेवताना आत्याबाई विचारू लागल्या, मी सांडलं नाही ना काही? ज्या घरात त्या जन्मल्या, ज्या घरात अंधारातही त्यांनी कधी भिंत धरली नव्हती, तिथं त्या आता भिंत चाचपत चालत. त्यांचा तळहात जिथं जिथं टेकायचा तिथं ओलसर भिंतीवर डाग उठायचे. घाईबाईला ते डाग दिसत. ओसरीपासून परसापर्यंत एका उंचीवर गेलेले. ती पोतेरं घेऊन पुसायला गेली आणि तशीच परत आली.

पलीकडची काकू विरजण मागायला आली आणि टेकली. ऐकलं हो सगळं, ती म्हणाली, म्हातारीनं तोंडचा घास घालवला तुमचा. वय झालं की माणूस दुसऱ्याला जड होतं, पण तू बाई धीराची, आमच्या सुनेला मी रोज सांगते की हिच्याकडून शीक. पडदा नव्हता, दार उघडं होतं, आणि आतल्या खोलीत आत्याबाई बसल्या होत्या.

"चालायचंच," घाईबाई म्हणाली.

काकू गेल्यावर तो शब्द तिच्या तोंडात कितीतरी वेळ कडू बदामासारखा राहिला. चालायचंच! कुणाचं, काय चालायचं होतं?

तिनं सांगायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. एका संध्याकाळी तिनं आत्याबाईंच्या हातांवर कोमट पाणी घातलं. त्यांची नखं बारीक कापलेली होती, पानाला ओरखडा जाऊ नये म्हणून त्या कापत तशीच. पाल्याच्या रसानं अंगठ्याला धरलेला हिरवा डाग अजून पुरता गेला नव्हता.

"आत्याबाई, त्या दिवशी ती टोपली..."

"नको गं," आत्याबाईंनी तिला पुढं बोलूच दिलं नाही. "माझ्यावर पांघरूण घालायला बघू नकोस. झालं ते माझ्या हातून झालं. दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. तू एक शब्द बोलली नाहीस. मला कळत नाही का?"

 घाईबाईच्या हातातला लोटा तसाच कलता राहिला.

"पाणी गार झालं," ती म्हणाली, आणि उठली.

वरच्या खणांतल्या अळ्यांनी चौथी कात टाकली आणि त्यांची भूक वाढली. पाला आणायचा, पुसायचा, घालायचा, पुन्हा आणायचा. आत्याबाईंचे हात थांबले होते, त्यामुळे ठकीलाही शाळेतून आल्या आल्या मळ्यात जावं लागे. कुंपणाच्या खिंडारातून जाताना पोरीची चप्पल चिखलात रुतली. राहू दे, येताना काढू, चल चल, असं घाईबाई म्हणाली आणि पुढं झाली. मागून ठकीची किंकाळी आली. कुंपणाचा काटा टाचेत गेला होता.

तिथंच बांधावर बसून घाईबाईनं पदराची पिन काढली आणि पोरीची टाच उकरली. काटा आला, पण अर्धाच.

"झालं, निघाला," ती म्हणाली.

"आहे अजून," ठकी म्हणाली.

"नाही म्हटलं ना. चल, पाला भिजतोय."

दोन रात्रींत टाच टमाट्यासारखी झाली. पोरीला पाय टेकवेना. अंगात कणकण आली. दवाखाना नदीपलीकडे होता, आणि पुलाच्या फरशीवरून कमरेएवढं पाणी चाललेलं. दुपारी नवऱ्यानं तिला ओसरीवर घेतलं आणि सुई लावून पाहिली. त्याची बोटं नांगर धरायची. सुई लागायच्या आधीच ठकीनं घर डोक्यावर घेतलं. वाचलेल्या अळ्या पाहायला अळीवाला आला होता, तोही पावसामुळे अडकून बाकावर बसला होता. त्यानं काहीबाही उपाय सुचवले. ठकी ओरडत होती, आजीच काढेल, आजीला बोलवा.

आत्याबाई खांबापलीकडे उभ्या होत्या. पोरीचा आवाज वाढला तसे त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको रे," त्या घाईबाईच्या नवऱ्याला म्हणाल्या. "मला नका सांगू हात लावायला तिला. तेवढ्या अळ्या घालवल्या मी. आता पोरीचा पाय..." पदराखाली त्यांचे हात थरथरत होते. त्या घरात ते हात थरथरताना कधी कुणी पाहिले नव्हते.

"ती टोपली मी उचलली होती," घाईबाई म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही. नवरा म्हणाला, कुठली टोपली, आता काय त्याचं?

"उजवीकडची. पुसायची राहिली होती. आत्याबाई परसात गेल्या होत्या, येते म्हणाल्या होत्या. मी थांबले नाही. तशीच घातली खालच्या खणांत, आणि रिकामी टोपली डावीकडे नेऊन ठेवली." तिनं श्वास घेतला. "त्यांनी पुसलेला पाला वर होता. वरच्या अळ्यांना काहीसुद्धा झालं नाही."

घमेल्यात पाणी टपटपत होतं. अळीवाल्याला एकाएकी आपल्या छत्रीच्या काडीत काहीतरी दोष दिसला आणि तो ती निरखत बसला. नवरा बायकोकडे बघत राहिला. आपल्या दारात कुणीतरी पत्ता चुकून आलं असावं, तसा. घाईबाईच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. आजवर त्या हातांना नेहमी काही ना काही काम असायचं.

आत्याबाईंचा चेहरा आवाजाच्या दिशेला वळला होता. त्यावर राग नव्हता आणि सुटका झाल्यासारखंही काही नव्हतं.

"म्हणजे एक राहिली होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला आठवत होतं तसंच."

"हो, आत्याबाई. तसंच."

"मला आठवत होतं," त्या पुन्हा हळूच म्हणाल्या. त्यांनी पदराखालून हात बाहेर काढले. अंगठा एकेका बोटाच्या टोकावरून फिरवला. बाजारात सुताचा पीळ बघतात तसा.

"इतके दिवस..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

ते वाक्य त्यांनी पुढं कधीच पुरं केलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर घाईबाईनं त्या पदरात घेतल्या असत्या आणि कालांतरानं विसरलीही असती. ते अर्धं वाक्य मात्र तिला जन्मभर पुरलं.

"पोरीला उजेडाला घ्या," आत्याबाई म्हणाल्या. "सुई आणा, आणि मीठ घातलेलं कढत पाणी. आणि माझं फडकं कुठाय?"

फडकं घाईबाईच्याच कमरेला खोचलेलं होतं. तिनं ते काढून दिलं. देताना तिची बोटं त्यांच्या बोटांना लागली. आत्याबाईंनी हात मागं घेतला नाही, आणि धरलाही नाही.

ठकीला खांबापाशी बसवलं. घाईबाईनं तिची टाच मांडीवर घेतली. नवऱ्यानं काडी ओढली, ती विझली, दुसरी ओढली. आत्याबाईंनी सुईचं टोक ज्योतीत धरलं, निवू दिलं, आणि मग सुई बाजूला ठेवून नुसत्या अंगठ्यानं सूज चाचपू लागल्या. कडेपासून आत. पुन्हा कडेपासून आत. कढत पाण्यानं शेकलं, पुसलं, पुन्हा चाचपलं. घाईबाईच्या खांद्यांना सवयीनं ओढ लागली, आता टोचा की एकदाची, असं तिच्या सगळ्या अंगाला झालं. तिनं दात आवळले आणि टाच धरून राहिली.

"कुठवर आलो होतो आपण?" आत्याबाईंनी ठकीला विचारलं.

"चौथी राणी," ठकी हुंदका आवरत म्हणाली.

"हां. तर चौथी राणी होती आळशी. इतकी आळशी, की जांभई सुरू करायची सकाळी आणि संपायची संध्याकाळी."

ठकी रडता रडता हसली. तेवढ्यात सुई आत गेली होती. आत्याबाईंचा हात थरथरत नव्हता. केव्हा थांबला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या पोरीच्या श्वासाबरोबर सुई पुढं नेत. तिनं श्वास धरला की थांबत आणि सोडला की केसभर पुढं. चौथी राणी झोपली, उठली, पुन्हा झोपली. पावसाची सर आली आणि गेली. अळीवाला छत्री खाली ठेवून पुढं वाकला होता. घाईबाईनं त्या अंगठ्याकडे पाहिलं. बायका झोपलेल्या पोराच्या कपाळावरून हात फिरवतात तसा तो त्या सुजेवरून फिरत होता. तिच्या घरात इतकी वर्षं तो असाच सगळ्यावरून फिरत आला होता. धान्यावरून, पानांवरून, नवऱ्याच्या लहानपणावरून. तिला वाटायचं, म्हातारी वेळ काढते.

पू आला, रक्त आलं, आणि त्याबरोबर काहीतरी काळं. आत्याबाईंनी ते नखाच्या चिमटीत धरलं आणि घाईबाईपुढं केलं.

"बघ. सगळा आलाय का? मला दिसत नाही."

सगळे तिच्याकडे बघत होते. ठकीचे डोळे रडून बारीक झाले होते. नवरा उठायच्या बेतात होता. 'हो' तिच्या ओठांवर आलाच होता.

"थांबा," ती म्हणाली.

घरात तिच्या तोंडून हा शब्द तोवर कुणी ऐकला नव्हता. तिनं काटा तळहातावर घेतला आणि उजेडाकडे वळली. फडक्याच्या कोपऱ्यानं त्याच्यावरचं रक्त टिपलं. एका बाजूनं पुसलं, उलटा केला, दुसऱ्या बाजूनं पुसलं. एक टोक जाड होतं, बांधावर तिनंच मोडलेलं. दुसरं टोक तिला नीट दिसेना. तिनं काटा उचलला, ते टोक गालाला लावलं आणि दाबून पाहिलं.

टोचलं नाही.

"नाही आत्याबाई," ती म्हणाली. "अणी आतच राहिली आहे."

ठकीनं भोकाड पसरलं. नवरा सुस्कारा टाकून पुन्हा खाली बसला. आत्याबाईंनी मान हलवली आणि चाचपून सुई उचलली.

"मग बस तशीच," त्या म्हणाल्या. "टाच नीट धर. काडी ओढ रे." आणि ठकीकडे वळून म्हणाल्या, "तर पाचवी राणी..."